वादळानंतरची चाळीस वर्षं

'अमेझिंग ग्रेस' हे गाणं तुम्ही ऐकलं असेलच. चर्चमध्ये नसेल, तर एखाद्या हॉलिवूडपटातल्या अंत्यविधीच्या प्रसंगात, नाहीतर बॅगपाइपवर तरी. इंग्रजीतल्या सगळ्यात जास्त गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतांपैकी हे एक. लिहिणारा जॉन न्यूटन. (सफरचंदवाला नव्हे. तो आयझॅक. हा जन्मला त्यानंतर दोनेक वर्षांत तो वारला. नात्याचा काही संबंध नाही.)

या गाण्यामागची म्हणून एक गोष्ट सांगितली जाते. ईमेलमधून फिरायची, आता फोनवर फिरते. गुलामांचा व्यापार करणारा एक उर्मट कप्तान होता. एका रात्री भर समुद्रात भयंकर वादळ आलं. त्यानं देवाचा धावा केला. जहाज वाचलं. कप्तानाला साक्षात्कार झाला, त्यानं तो धंदा त्या दिवशीच सोडला, पाद्री झाला आणि हे गाणं लिहिलं. म्हणजे आपल्या वाल्या कोळ्याचीच गोष्ट; फक्त नारदाच्या जागी वादळ.

गोष्ट छान आहे. फक्त तारखा जुळत नाहीत.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे 'काय झालं' हे कुणी कितीही रंगवून सांगितलं तरी आम्ही आधी लॉग बघतो, कुठली घटना किती वाजता झाली ते. ती सवय वीकेंडलाही सुटत नाही. न्यूटनच्या बाबतीत तर खरोखरचा लॉग उपलब्ध आहे. त्यानं कप्तान असताना लिहिलेली जहाजाची नोंदवही लंडनजवळ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे आणि १९६२ साली ती पुस्तकरूपानं छापलीही गेली. शिवाय त्याचं आत्मकथन आहे, पत्रं आहेत. हे सगळं तारखांप्रमाणे लावलं की दिसतं ते असं: वादळ झालं तेव्हा न्यूटन कप्तान नव्हता. त्या जहाजावर गुलामही नव्हते. तो गुलामवाहू जहाजाचा कप्तान झाला ते वादळानंतर. देव भेटल्यानंतर!

आणि मला वाटतं, ख्रिस्ती धर्मात 'कृपा' आणि 'तारण' म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला ती गोड गोष्ट काही उपयोगाची नाही. या न जुळणाऱ्या तारखा मात्र फार उपयोगाच्या आहेत.

सुरुवातीपासून बघू.

न्यूटनचा जन्म १७२५ सालचा, लंडनच्या वॉपिंग भागातला. वडील भूमध्य समुद्रात व्यापारी जहाजं नेणारे कप्तान. आई धार्मिक. तिनं पोराला लहानपणीच बायबल आणि स्तोत्रं शिकवली, पण तो सात वर्षांचा व्हायच्या आत ती गेली. अकराव्या वर्षी पोरगा वडिलांबरोबर जहाजावर. १७४४ साली ब्रिटिश नौदलानं त्याला जबरदस्तीनं भरती केलं. त्या काळी बंदरांवरून तरणीताठी पोरं उचलून नेणाऱ्या टोळ्याच असायच्या. तो पळाला, पकडला गेला, सगळ्यांच्या देखत फटके खाल्ले. पुढं गुलामांच्या व्यापारातल्या एका जहाजावर त्याची रवानगी झाली आणि तिथून तो पश्चिम आफ्रिकेत, आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळच्या प्लांटेन बेटांवर, एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी जाऊन पडला.

तिथे त्याचे हाल झाले. व्यापाऱ्याची आफ्रिकन बायको त्याला उष्टं-खरकटं घालायची, तापानं फणफणलेला असताना पाणी मिळायची मारामार. या काळातली एक गोष्ट न्यूटननं स्वतःच लिहून ठेवलीय. तो उपाशी असताना बेड्यांत अडकवलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या वाट्यातला घास चोरून त्याला आणून दिला. ही ओळ जरा लक्षात ठेवा मंडळी, पुढं लागणार आहे.

वडिलांनी लिव्हरपूलच्या जोसेफ मॅनेस्टी या व्यापारी मित्राला सांगून ठेवलं होतं, की तुझ्या कुठल्या जहाजाला माझा मुलगा दिसला तर घेऊन या. १७४७ मध्ये 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाला तो सापडला. या जहाजावर माल होता तो सोनं, हस्तिदंत, मेण आणि रंगासाठीचं लाकूड. न्यूटन तेव्हा बावीसेक वर्षांचा, तोंडानं इतका शिवराळ, की खलाशीसुद्धा कानावर हात ठेवत. देवाधर्माची टिंगल हा त्याचा आवडता उद्योग.

मार्च १७४८. उत्तर अटलांटिकमध्ये रात्री वादळानं जहाजाची एक बाजू फोडली. पाणी आत. न्यूटन स्वतःला बांधून घेऊन तासन् तास पंप मारत राहिला, मग सुकाणू धरलं. या गडबडीत त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, की आता देवानं दया केली तरच. आणि तो दचकला. माझ्यासारख्यावर कसली दया? जहाज बुडालं नाही. मालातलं मेण आणि लाकूड पाण्याहून हलकं, त्याचाही हातभार लागला असणार. जवळपास चार आठवडे अर्धपोटी काढून एप्रिलमध्ये ते कसंबसं आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. वादळाचा दिवस, नव्या पंचांगाप्रमाणे २१ मार्च, न्यूटन पुढं आयुष्यभर पाळत राहिला.

इथे गोड गोष्ट संपते. लॉग मात्र पुढं चालू राहतो.

त्याच वर्षी, १७४८ मध्येच, न्यूटन 'ब्राउनलो' या जहाजावर कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी म्हणून आफ्रिकेला निघाला. हे गुलामवाहू जहाज होतं. १७४९ साली त्यातली माणसं अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरात विकली गेली. जहाज तिथे असताना आपण प्रवचनं ऐकायला चर्चमध्ये जात होतो आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या रानात एकांतात प्रार्थना करत होतो, असं तो लिहितो. १७५० मध्ये लग्न झालं, तरुणपणापासून जीव जडलेल्या मेरी कॅटलेटशी. मग कप्तानपद. १७५०-५१ ची सफर 'ड्यूक ऑफ अर्गाइल' या जहाजावर, नंतरच्या दोन सफरी 'आफ्रिकन' या जहाजावर, १७५२ ते १७५४.

याच काळातली ती नोंदवही. त्यात वारा, अक्षांश, दुरुस्त्या, खरेदी, सगळं टापटीप. विकत घेतलेल्या माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. कुणी आजारानं मेलं, की 'अमुक क्रमांकाचा पुरुष पुरला', 'तमुक क्रमांकाची मुलगी पुरली'. पुरला म्हणजे समुद्रात टाकला. डेटाबेसमध्ये रो डिलीट करावी इतक्या निर्विकारपणे. डिसेंबर १७५२ मध्ये गुलामांचा उठावाचा बेत आहे असा संशय आला, तेव्हा त्यानं काही पोरांना बेड्या घातल्या आणि कबुलीसाठी अंगठे चेपायचा स्क्रू लावला. 'थोडासाच' लावला, अशी नोंद आहे.

आणि हाच माणूस त्याच जहाजावर दर रविवारी खलाशांसाठी उपासना चालवत होता, बायबल वाचत होता, बायकोला प्रेमानं ओथंबलेली पत्रं लिहीत होता. शेवटच्या सफरीत एकही माणूस दगावला नाही, ना गोरा ना काळा, म्हणून लिव्हरपूलला परतल्यावर त्यानं चर्चमध्ये जाहीरपणे देवाचे आभारही मानले.

हे ढोंग होतं का? मला नाही वाटत. ढोंगी माणूस समजायला सोपा असतो. न्यूटन ढोंगी नव्हता, आणि म्हणूनच तो अवघड आहे.

आता जरा शब्दांकडे वळू, कारण सगळी मेख तिथे आहे.

ख्रिस्ती विचारात माणसाची सुटका त्याच्या पुण्याईनं होत नाही. पौलानं रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. सुटका हे देवाचं दान. कमवायचं नाही, घ्यायचं. लायकी बघून दिलेलं ते बक्षीस किंवा पगार. लायकी नसताना दिलेली ती कृपा. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांचं भांडण याच्यावरच होतं, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो की नाही यावर. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरचं रोमशी वाजलं तेही याच्याभोवती. न्यूटन ऑगस्टीन-ल्यूथर-कॅल्व्हिन या परंपरेतला. 'मी काहीही केलेलं नाही, मला ते मिळालं' हा त्याच्या श्रद्धेचा गाभा.

दुसरा शब्द 'तारण'. मराठी ख्रिस्ती लोक येशूला 'तारणारा' म्हणतात. गंमत म्हणजे हाच शब्द आपण बँकेत वापरतो. सोनं तारण ठेवतो, कर्ज फेडून सोडवून आणतो. मूळ ग्रीकमध्ये पौल वापरतो तो शब्द 'अपोलुत्रोसिस'. अर्थ: पैसे मोजून सोडवून आणणं. कुणाला? कैद्याला, किंवा गुलामाला. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांच्या सुटकेसाठी देणार असं म्हणतो, तिथे मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'खंडणी'. आज खंडणी म्हटलं की आपल्याला गुंडच आठवतो, पण इथे अर्थ आहे सोडवणुकीची किंमत. त्याच्याही मागे जुन्या करारातली इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएली लोकांची गोष्ट आहे, म्हणजे पुन्हा गुलामांचीच.

म्हणजे बघा. ज्या शब्दावर या माणसाची सगळी श्रद्धा उभी, तो शब्दच मुळी गुलामांच्या बाजारातून उचललेला. 'किंमत देऊन बेडीतून सोडवलं' हे तो रविवारी जहाजाच्या डेकवर वाचत होता, आणि फळ्यांच्या खाली, काही फुटांवर, किंमत देऊन बेडीत घातलेली माणसं होती. रूपक त्याला कळत होतं. खरी बेडी दिसत नव्हती.

बरं, त्यानं धंदा सोडला तो तरी विवेकबुद्धी जागी झाली म्हणून का? नाही. नोव्हेंबर १७५४ मध्ये पुढच्या सफरीला निघायच्या दोनच दिवस आधी त्याला झटका येऊन तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. मग लिव्हरपूल बंदरात जकातखात्यातली नोकरी, सोबत ग्रीक-हिब्रूचा अभ्यास, पाद्री व्हायची खटपट. १७६४ मध्ये दीक्षा मिळाली आणि ओल्नी या गावी नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मकथन छापलं गेलं. त्यात तो गुलामांच्या व्यापाराबद्दल काय म्हणतो? की त्या काळात मला त्यात काही गैर वाटलं नाही, देवानंच नेमून दिलेलं काम समजत होतो. हो, साखळ्या-कड्या-कुलपांमध्ये वावरून आपण तुरुंगाधिकारी झालोय असं वाटायचं, आणि याहून माणुसकीचं काम दे अशी प्रार्थना करायचो. बस, एवढंच. वादळाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

आता ते गाणं. ओल्नी हे लेस विणणाऱ्या गरीब लोकांचं गाव. न्यूटन दर आठवड्याच्या प्रार्थनासभेसाठी साधी सोपी गीतं लिहायचा. १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी त्यानं बायबलमधला दावीद राजाच्या प्रार्थनेचा भाग निवडला, 'मी कोण, की तू मला इथवर आणलंस' या अर्थाचा, आणि त्याला जोडून हे गीत लिहिलं. १७७९ मध्ये ते 'ओल्नी हिम्स' या संग्रहात छापलं गेलं. शोधून बघा, त्यात गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख नाही. पापी म्हणजे कुणीही पापी. म्हणूनच ते कुणालाही गाता येतं, हेही खरं.

त्या संग्रहाचा दुसरा कवी होता विल्यम कूपर. न्यूटनचा शेजारी, जिवलग मित्र, आणि त्या पिढीतला इंग्रजीतला मोठा कवी. अतिशय हळवा माणूस, मनोविकारानं गांजलेला. त्याच १ जानेवारीच्या सकाळी तो उपासनेला हजर होता. त्यानंतर लगेचच त्याच्या आजारानं उचल खाल्ली. देवानं आपल्याला कायमचं टाकून दिलंय, सगळ्यांसाठी कृपा असली तरी माझ्यासाठी नाही, अशी त्याची खात्रीच झाली. १८०० साली मरेपर्यंत ती पूर्णपणे कधी गेली नाही. न्यूटननं त्याला वर्षभराहून जास्त काळ स्वतःच्या घरी ठेवून सांभाळलं.

या जोडीचा विचार केला की मी थांबतो. ज्यानं कधी कुणाला ओरखडा काढला नाही तो स्वतःला नरकातला समजत राहिला, आणि ज्यानं शेकडो माणसं विकली तो क्षमा मिळाली म्हणून गात होता. कृपेचा सिद्धांत खरा असेल तर तो भावनांवर अवलंबून नसणार, एवढं तरी यातून कळतं. क्षमा झाल्यासारखं वाटणं आणि डोळे उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कूपरला क्षमा झाल्यासारखं वाटलं नाही, पण १७८८ मध्ये त्यानं गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या. डोळे उघडेच होते त्याचे.

मग न्यूटनचे डोळे कधी उघडले? एका रात्रीत नव्हे, आणि एकट्याचे तर नव्हेच. क्वेकर पंथाचे लोक या धंद्याविरुद्ध आधीपासून बोलत होते; फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७५८ मध्येच आपल्या सभासदांना फटकारलं होतं. १७७२ मध्ये लंडनच्या न्यायालयानं सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या खटल्यात त्याला सक्तीनं देशाबाहेर नेता येणार नाही असा निकाल दिला. १७७४ मध्ये जॉन वेस्लीनं गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली. हवा बदलत होती. न्यूटन १७८० च्या सुमारास लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये आला. डिसेंबर १७८५ मध्ये तिथे एक सव्वीस वर्षांचा खासदार त्याला गुपचूप भेटायला आला: विल्यम विल्बरफोर्स. नुकताच धर्माकडे वळलेला, आणि राजकारण सोडून पाद्री व्हावं का या विचारात पडलेला. न्यूटननं त्याला सांगितलं, सोडू नकोस, आहेस तिथेच राहा. पुढं विल्बरफोर्सनं संसदेत काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ('अमेझिंग ग्रेस' याच नावाचा २००६ चा सिनेमा बघा, त्यात अल्बर्ट फिनीनं न्यूटन केलाय.)

आणि मग १७८८. वादळाला चाळीस वर्षं, शेवटच्या सफरीला चौतीस. न्यूटन साठी ओलांडलेला. त्या वर्षी त्यानं 'आफ्रिकेतील गुलाम-व्यापाराविषयी विचार' या अर्थाच्या नावाची पुस्तिका छापली. सुरुवातीलाच सांगितलं, की ही कबुली फार उशिरा येतेय, आणि ज्या धंद्यात मी होतो त्याच्या आठवणीनं आता माझा थरकाप होतो. मग एकेक गोष्ट मांडली. आधी इंग्लिश खलाशी त्या सफरींत किती मरतात ते, कारण वाचणारे इंग्लिश खासदार होते. मग तो धंदा करणाऱ्याचं काळीज कसं दगड होतं ते. मग आफ्रिकन माणसं. जहाजाच्या पोटात फळ्यांवर, कपाटात पुस्तकं लावावीत तशी खेटून निजवलेली. बायकांवरचे अत्याचार. रडतं म्हणून आईच्या हातून ओढून समुद्रात फेकलेलं तान्हं मूल. आणि अंगठे चेपायचा तो स्क्रू. तो सांगतो की अशा छळाच्या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. नोंदवहीत 'थोडासाच' होता तोच हा स्क्रू. १७९० मध्ये त्यानं संसदेच्या समितीपुढं साक्षही दिली. व्यापाराच्या बाजूचे साक्षीदार सांगत होते की गुलाम मजेत असतात. हा म्हातारा मात्र सांगू शकत होता, की मी कप्तान होतो, मला माहीत आहे.

आता यावर दोन प्रकारे बोलता येतं.

एक म्हणजे, 'बघा, कृपेचा सिद्धांत किती सोयीचा! क्षमा आधी मिळाली, मग निवांत धंदा केला, अपराधाची जाणीव चाळीस वर्षांनी.' हा आक्षेप खोडून टाकण्यासारखा मुळीच नाही, आणि तो घेणारे फक्त बाहेरचे आहेत असंही नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यानं १९३७ मध्ये 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला. जगण्यात काही बदलायला न लावणारी क्षमा म्हणजे स्वस्त कृपा, आणि ती चर्चची जानी दुश्मन. हे लिहिणाऱ्याला हिटलरच्या राजवटीनं १९४५ मध्ये फासावर दिलं, त्यामुळं त्याचं बोलणं पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरं म्हणजे, ख्रिस्ती धर्मशास्त्र स्वतःच या दोन गोष्टी वेगळ्या मानतं. 'नीतिमान ठरवलं जाणं' हे एका क्षणात होतं. 'पवित्रीकरण' मात्र सावकाश, आयुष्यभर चालतं. पहिल्यामुळं माणूस देवापुढं उभा राहू शकतो, दुसऱ्यात त्याला दिसायला लागतं. आणि मला वाटतं की पहिलं नसतं तर न्यूटनला दुसरं झेपलंच नसतं. आपण काय केलंय हे पूर्ण उघड्या डोळ्यांनी बघायला, ते जगासमोर स्वतःच्या नावानिशी छापायला, आपण आधीच स्वीकारले गेलोय याची खात्री लागते. ती नसेल तर माणूस समर्थनं शोधतो. 'तेव्हा सगळेच करत होते', 'कायदेशीर होतं', 'मी तर बरा वागवायचो'. न्यूटनकडं ही तिन्ही समर्थनं तयार होती, आणि तिन्ही खरी होती. १७६४ मध्ये त्यानं ती वापरली. १७८८ मध्ये वापरली नाहीत. माझ्या मते न्यूटनच्या आयुष्यातली कृपेची खरी खूण वादळात नाही, इथे आहे.

पण मंडळी, हेसुद्धा अर्धंच झालं. कारण हा सगळा हिशेब देव आणि न्यूटन यांच्यामधला. क्रमांक लिहिलेल्या माणसांचं काय?

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत रांजण असतात. प्रत्येक खुनामागं एक खडा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला वाल्याचा वाल्मीकी होण्यात रस असतो. खड्यांचं पुढं काय झालं हे कुणी सांगत नाही. न्यूटनची नोंदवही म्हणजे त्याचे रांजणच. त्यातल्या खड्यांना न्यूटनच्या पश्चात्तापानं नाव परत मिळालं नाही, घर तर नाहीच. न्यूटनलाही हे ठाऊक होतं असं मला दिसतं. त्याच पुस्तिकेत तो म्हणतो, की आता कितीही पश्चात्ताप केला तरी माझ्या हातून झालेली हानी भरून निघणार नाही. देवाची क्षमा म्हणजे त्या माणसांचं देणं फिटलं, असं त्यानं म्हटलेलं नाही. कृपा फुकट असते ती घेणाऱ्याला. ज्याचं लुटलं गेलं त्याच्या वतीनं ती पावती फाडत नाही.

व्यवहारात तर उलटंच झालं. ब्रिटिश जहाजांवरून गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला २५ मार्च १८०७ रोजी राजाची मंजुरी मिळाली. न्यूटन तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा, जवळपास आंधळा. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो गेला. पण व्यापार थांबला तरी गुलामगिरी राहिली. ती संपवणारा कायदा १८३३ चा. (त्यातूनही ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता; आपल्याकडे कायदा यायला १८४३ उजाडलं.) या वेळी सरकारनं २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. कुणाला? गुलामांना नव्हे, मालकांना. म्हणजे अक्षरशः खंडणी भरून सोडवणूक. त्यासाठी काढलेलं कर्ज रोख्यांतून रोख्यांत फिरत राहिलं आणि शेवटचा हप्ता फिटला २०१५ मध्ये. ब्रिटिश अर्थखात्यानंच तसं सांगितलंय. सुटलेल्या माणसांच्या हाती मात्र एक पैसा पडला नाही.

एक छोटीशी वाट आपल्याकडेही येते, ती सांगून पुढं जातो. ओल्नीतल्याच बॅप्टिस्ट मंडळीनं १७८६ मध्ये एका चांभारकाम करणाऱ्या तरुणाला प्रचारक म्हणून मान्यता दिली. त्याचं नाव विल्यम कॅरी. हाच कॅरी पुढं बंगालात श्रीरामपूरला आला आणि त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, मग मराठी कोश, १८११ मध्ये नवा करार. तेव्हा छापील मराठीतली ही वाट त्या लेस विणणाऱ्यांच्या गावावरून आलेली आहे!

आता शेवटची तारीख. न्यूटनचं गीत अमेरिकेत गेलं, १८३५ मध्ये आज आपण ऐकतो त्या चालीत छापलं गेलं, आणि काळ्या लोकांच्या चर्चमध्ये रुजलं. ज्यांच्या खापरपणज्या-पणजोबांना क्रमांक मिळाले होते, त्यांनी ते आपलं केलं. १७ जून २०१५ रोजी एका वंशद्वेष्ट्या तरुणानं अशाच एका काळ्या चर्चमध्ये बायबल-अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना गोळ्या घालून मारलं. गाव कुठलं? चार्ल्सटन. तेच, जिथे 'ब्राउनलो'मधली माणसं विकली गेली आणि विकणाऱ्या जहाजावरचा पहिला अधिकारी संध्याकाळी रानात प्रार्थना करत होता. दोन दिवसांनी कोर्टात मेलेल्यांच्या काही नातेवाइकांनी खुन्याला सांगितलं, की आम्ही तुला क्षमा करतो. २६ जूनला अंत्यविधीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष ओबामा कृपेवरच बोलले, बोलता बोलता थांबले, आणि ते गाणं म्हणू लागले. सगळी सभा उठून गाऊ लागली.

काळ्या अमेरिकनांपैकी काहींनी तेव्हाही विचारलं, की दर वेळी क्षमा आम्हीच का करायची? प्रश्न रास्त आहे आणि माझ्यासारख्यानं लांबून त्याचं उत्तर देण्यात अर्थ नाही. पण क्षमा करणारे बाजूच्या देवळातले साधू नव्हते, ज्यांचं माणूस गेलं तेच होते. ती क्षमा द्यायचा अधिकार फक्त त्यांचा होता. आणि ती स्वस्त नव्हती.

म्हणूनच मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ती ओळ मला सगळ्या न्यूटनचरित्रात सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच्यावर पहिली कृपा कधी झाली? तो स्वतः म्हणेल, १७४८ च्या वादळात. त्याच्याच कागदांतून मला दिसतं ते त्याआधीचं. प्लांटेन बेटांवर, तापानं आणि भुकेनं पडलेला असताना, बेडीतल्या माणसांनी आपल्या पानातला घास चोरून त्याला दिला. काही मिळण्याची आशा नसताना, समोरच्याची लायकी न विचारता. ख्रिस्ती धर्म कृपेची जी व्याख्या करतो ती याहून वेगळी नाही. त्यांची नावं त्यानं लिहून ठेवलेली नाहीत.

असो. पुढच्या वेळी बॅगपाइपवर ते गाणं लागलं, तर त्यांचीही आठवण काढा.